स्लॅबपासून पायापर्यंत: घराच्या भाराचा आणि सळईचा हातानं मांडलेला हिशोब

"साहेब, बीमला चार सुताच्या चार टाकू की पाच सुताच्या तीन?"

साइटवर पाय ठेवला की फिटरचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. चार सूत म्हणजे १२ मिमी आणि पाच सूत म्हणजे १६ मिमी. १२ मिमीच्या चार सळ्यांचं क्षेत्रफळ ४५२ चौ.मिमी भरतं, १६ मिमीच्या तिनांचं ६०३. नग एकानं कमी झाला तरी लोखंड तिसऱ्या हिश्शाने वाढलं. म्हणजे नुसते नग मोजून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. त्या बीमवर वजन किती येतंय, ते कुठून येतंय आणि कुठे उतरतंय, हे आधी कळायला हवं.

आज डिझाइन सॉफ्टवेअरवर होतं आणि ते योग्यच आहे. पण एका घराचा एक स्लॅब, एक बीम आणि एक कॉलम ज्याने कागदावर हातानं सोडवला आहे, त्याला सॉफ्टवेअरच्या उत्तरातली चूक चटकन दिसते. डिप्लोमा-डिग्रीची मुलं, नवे साइट इंजिनिअर आणि स्वतःचं घर बांधताना ड्रॉइंग समजून घ्यायची इच्छा असलेले मालक, या सगळ्यांसाठी हा हिशोब पायरीपायरीने मांडतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथे मुख्यतः उभ्या भाराचा हिशोब आहे. भूकंपाचं विश्लेषण आणि अंतिम ड्रॉइंग परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं असतं.

आपलं घर

नाशिकमधलं तळमजला अधिक एक मजला असं घर धरू. बाहेरची मापं ७.० मी × ९.८ मी. रुंदीत ३.५ मीटरचे दोन गाळे, लांबीत ४.९ मीटरचे दोन गाळे. म्हणजे तीन ओळींत तीन-तीन असे नऊ कॉलम आणि प्रत्येक मजल्यावर स्लॅबचे चार सारखे पॅनेल. मजल्याची उंची ३ मीटर. काँक्रीट एम २५ (ताकद, म्हणजे एफसीके, २५ न्यूटन प्रति चौ.मिमी), सळई एफई ५०० (ताकद, म्हणजे एफवाय, ५००). भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे, त्यामुळे काँक्रीटच्या आयएस ४५६ : २००० च्या जोडीला डक्टाइल डिटेलिंगचा (भूकंपात सांगाडा एकदम न तुटता वाकावा अशा सळईच्या मांडणीचा) आयएस १३९२० : २०१६ पाळणं बंधनकारक ठरतं. वजनं आयएस ८७५ मधून घ्यायची.

पाठ असावेत असे आकडे थोडेच आहेत. आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) २५ किलोन्यूटन (कि.न्यू.) प्रति घनमीटर. वीटकाम प्लॅस्टरसह २० धरावं. राहत्या खोलीचा लाइव्ह लोड (माणसं आणि सामानाचा भार) २ कि.न्यू. प्रति चौ.मी.; जिना, पॅसेज आणि बाल्कनी ३; जाता-येता येणारी गच्ची १.५. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो. त्यामुळे '२ कि.न्यू.' वाचलं की दर चौरस मीटरवर २०० किलो डोळ्यासमोर आणा, आकडा लगेच ओळखीचा वाटतो.

स्लॅब

आधी जाडी. पॅनेल ३.५ × ४.९ मी. लांब बाजू भागिले आखूड बाजू = १.४. हा भागाकार २ च्या आत असला की स्लॅब दोन्ही दिशांनी काम करतो, म्हणजेच टू-वे. ३.५ मीटरपर्यंतच्या आखूड स्पॅनसाठी (स्पॅन म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर) आयएस ४५६ स्पॅन आणि एकूण जाडी यांचं सोपं प्रमाण देतं: साध्या टेकूवर ३५ आणि सलग स्लॅबला ४०. पण हे आकडे माइल्ड स्टीलसाठी आहेत. टॉर (कंगोऱ्यांच्या) सळईसाठी त्यांना ०.८ ने गुणायचं, म्हणजे २८ आणि ३२. नेमका हा गुणाकार अनेकजण विसरतात आणि स्लॅब पातळ होतो. ३५०० ÷ २८ = १२५ मिमी. आपल्या पॅनेलच्या दोन कडा सलग आहेत आणि दोन सुट्या, तेव्हा १२५ धरणं योग्य.

आता एका चौरस मीटरवरचा भार:

स्लॅबचं स्वतःचं वजन ०.१२५ × २५ = ३.१२५
फरशी, खालचा माल, छताचं प्लॅस्टर = १.५
लाइव्ह लोड = २.०
एकूण ६.६२५, दीडपट केल्यावर ९.९४ कि.न्यू. प्रति चौ.मी.

ही दीडपट म्हणजे सुरक्षिततेचा गुणक. तो एकदाच लावायचा. स्लॅबला लावला, तोच आकडा बीमवर नेला आणि तिथे पुन्हा लावला, असे कागद मी पाहिले आहेत. म्हणून माझी सवय अशी, की भार नेताना कायम मूळ आकडा न्यायचा आणि दीडपट अगदी शेवटी करायची.

मोमेंटसाठी, म्हणजे भार स्लॅबला जो वाकवू पाहतो त्या जोरासाठी, आयएस ४५६ चा तक्ता २६ काढा. 'लगतच्या दोन कडा असलग' हा प्रकार आणि १.४ चा रकाना. आखूड दिशेला टेकूवर ०.०७१ आणि मध्यभागी ०.०५३, लांब दिशेला टेकूवर ०.०४७ आणि मध्यभागी ०.०३५. दोन्ही दिशांना गुणायचं ते भार × आखूड स्पॅनचा वर्ग यानेच: ९.९४ × ३.५ × ३.५ = १२१.७. त्यावरून आखूड दिशेला ८.६४ आणि ६.४५, लांब दिशेला ५.७२ आणि ४.२६ कि.न्यू.मीटर.

सळई काढायला स्लॅबपुरतं एक छोटं सूत्र पुरतं:

सळईचं क्षेत्रफळ = मोमेंट ÷ (०.८७ × ५०० × ०.९५ × इफेक्टिव्ह डेप्थ)

इफेक्टिव्ह डेप्थ म्हणजे काँक्रीटच्या दाबाच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर. कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) २० मिमी, सळई ८ मिमी. आखूड दिशेची सळई सर्वांत खाली, म्हणून तिची डेप्थ १२५ − २० − ४ = १०१ मिमी. तिच्यावर बसणाऱ्या लांब दिशेच्या सळईची ९३. टेकूवर ८.६४ साठी २०७ चौ.मिमी लागतं, मध्यभागी ६.४५ साठी १५५. लांब दिशेला १४९ आणि १११. किमान सळई मीटरभर पट्टीच्या छेदाच्या (१००० × १२५) ०.१२ टक्के, म्हणजे १५०. त्यामुळे १११ विसरायचं आणि १५० धरायचं.

८ मिमीच्या एका सळईचं क्षेत्रफळ ५०.३. ती २०० मिमीवर बांधली की मीटरमध्ये २५१ चौ.मिमी मिळतं, २५० वर बांधली की २०१. मी आखूड दिशेला खाली आणि टेकूवर वर, दोन्हीकडे २०० देईन, आणि लांब दिशेला २५०. हिशोबाने मध्यभागी ३०० चालेल, पण ३०० च्या जाळीवरून माणसं चालली की ती वाकते, कव्हर ब्लॉक सरकतात. माझ्या मते पातळ स्लॅबमध्ये तेवढी काटकसर करू नये.

सुट्या कोपऱ्यात स्लॅब उचलला जायला बघतो. तिथे वर आणि खाली जाळी लागते: आखूड स्पॅनच्या पाचव्या हिश्शाएवढी, म्हणजे ०.७ मीटर, आणि प्रत्येक थरात मध्यभागच्या सळईच्या पाऊणपट. ती नसेल तर काही काळाने गच्चीच्या कोपऱ्यात तिरकी भेग दिसते आणि दोष वॉटरप्रूफिंगवाल्याला लागतो.

बाल्कनी: एवढ्या एका गोष्टीवर थांबतो

याच स्लॅबमधून १.२ मीटर बाल्कनी बाहेर काढली आहे असं समजा. भार ३.१२५ + १.५ + ३ = ७.६२५, दीडपट ११.४. मोमेंट ११.४ × १.२ × १.२ ÷ २ = ८.२. टोकाला चार इंची विटांचा मीटरभर उंच कठडा असेल तर त्याचे आणखी ४.७. एकूण १२.९ कि.न्यू.मीटर आणि सळई ३०९ चौ.मिमी, म्हणजे ८ मिमी १५० वर. नुसता विटांचा कठडा मोमेंटमध्ये निम्म्याहून जास्त भर घालतो, हे मालकाला इथेच दाखवता येतं. लोखंडी रेलिंग घेतली तर ही वाढ जवळजवळ संपते.

पण बाल्कनीत खरा धोका आकड्यात नसतो, तो सळईच्या जागेत असतो. मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. स्लॅब भरणं चालू होतं. बाल्कनीच्या वरच्या सळ्या बरोबर बांधलेल्या होत्या, मी स्वतः टेप लावून मोजल्या होत्या. चहाला गेलो आणि परत आलो, तोवर घमेली वाहणाऱ्यांची वाट त्याच जाळीवरून पडली होती. खाली चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे टेकू) नव्हत्याच. मी काँक्रीटमध्ये बोट घालून पाहिलं, तर सळी वरून २० ऐवजी ६० मिमी खाली. ओलं होतं म्हणून तेवढा भाग उकरून पुन्हा बसवता आला.

४० मिमीने काय बिघडतं? डेप्थ १०१ ची ६१ झाली. सळई तीच, काँक्रीट तेच, पण ताकद साठ टक्क्यांच्या खाली गेली. दीडपट सुरक्षितता होती, ती तर गेलीच, वर मूळ भारही पेलेना. म्हणून बाल्कनी आणि छज्जाखाली मीटर-मीटरवर चेअर, वर चालायला फळ्या आणि भरणं संपेपर्यंत एक माणूस तिथेच उभा, हे मी ड्रॉइंगवरच लिहून देतो.

भार बीमवर कसा उतरतो

पॅनेलच्या चारही कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेषा काढा. आखूड बीमच्या वाट्याला त्रिकोण येतो, लांब बीमच्या वाट्याला समलंब चौकोन. आपल्या पॅनेलमध्ये समलंब चौकोन ५.५१ चौ.मी. आणि त्रिकोण ३.०६ चौ.मी. दोन-दोन मिळून १७.१५, म्हणजे पूर्ण ३.५ × ४.९. ही बेरीज दरवेळी करून बघावी. जुळली नाही तर भार कुठेतरी सांडला आहे.

मोमेंटसाठी समलंब भाराचा समतुल्य सरळ भार काढायचा: भार × (आखूड ÷ ६) × (३ − (आखूड ÷ लांब) चा वर्ग). आपल्याकडे तो भाराच्या १.४५२ पट येतो.

आता घराच्या मधोमध जाणारा ४.९ मीटरचा बीम घेऊ. दोन स्पॅन सलग, दोन्ही बाजूंनी स्लॅब, वर सहा इंची भिंत. माप २३० × ४५०.

स्लॅब दोन्हीकडून ६.६२५ × १.४५२ × २ = १९.२४
बीमचा स्लॅबखालचा भाग ०.२३ × ०.३२५ × २५ = १.८७
भिंत प्लॅस्टरसह ०.१८ × २.५५ × २० = ९.१८
एकूण ३०.३; दीडपट ४५.४ कि.न्यू. प्रति मीटर.

एकूण भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका आतल्या भिंतीचा आहे. बाहेरची नऊ इंची भिंत धरली असती तर तीच १३.५ झाली असती. "इथे एक भिंत वाढवू" हे वाक्य बीम भरून झाल्यावर कानावर आलं की मला काळजी वाटते ती याच आकड्यामुळे. हलके एएसी ब्लॉक वापरले तर हा भार निम्म्याहून खाली येतो, पण मग डिझाइनपासूनच तसं ठरवून पुढे विटेवर यायचं नाही.

मोमेंट काढताना एक सापळा आहे. आयएस ४५६ च्या तक्ता १२ मधले तयार गुणक तीन किंवा अधिक स्पॅनच्या बीमसाठी आहेत. आपले स्पॅन दोनच. दोन सारख्या स्पॅनच्या बीमला मधल्या टेकूवर भार × स्पॅनचा वर्ग ÷ ८ एवढा मोमेंट येतो, तयार गुणकांपेक्षा जास्त. ४५.४ × २४.०१ ÷ ८ = १३६ कि.न्यू.मीटर. मध्यभागी डेड लोडसाठी (बांधकामाचं कायमचं वजन) ०.०७० आणि लाइव्ह लोडसाठी ०.०९६ गुणक (लाइव्ह लोड एकाच स्पॅनवर असू शकतो) धरून ८२ येतो.

टेकूवरचा १३६ हा कॉलमच्या मध्यरेषेवरचा आहे. काँक्रीट एकसंध भरलेलं असेल तर कॉलमच्या तोंडाशी असलेला मोमेंट डिझाइनसाठी घ्यायला कोड परवानगी देतं. कॉलम ३५० मिमीचा धरला तर तोंडापर्यंत १७५ मिमी आणि मधल्या टेकूवरचा शिअर (बीमला उभा कापू पाहणारा जोर) ११९ कि.न्यू. त्यामुळे मोमेंट २० ने उतरून ११६ वर येतो.

डेप्थ, कव्हर, रिंग आणि अर्धी सळई वजा करून, ४५० − ३० − ८ − ८ = ४०४. एकेरी (फक्त ताणाच्या बाजूच्या) सळईची मर्यादा एफई ५०० साठी ०.१३३ × २५ × २३० × ४०४ चा वर्ग, म्हणजे १२५. आपण ११६ वर आहोत. बसतो, पण काठावर. स्लॅबचं ०.९५ चं छोटं सूत्र इथे लावाल तर ६९५ चौ.मिमी येईल आणि ते चूक आहे. काँक्रीट इतकं दाबलं गेलं की दाब आणि ताण यांच्यातलं अंतर कमी होतं. पूर्ण सूत्र वापरायचं:

मोमेंट = ०.८७ × एफवाय × सळई × डेप्थ × [१ − (सळई × एफवाय) ÷ (रुंदी × डेप्थ × एफसीके)]

१६ मिमीच्या चार सळ्या, म्हणजे ८०४ चौ.मिमी टाकून बघा: ११६.८ येतं. जुळलं. मध्यभागी स्लॅब वरून दाब घेतो, रुंदी भरपूर मिळते, म्हणून तिथे ०.९५ चालतं: ८२ साठी ४९१. खाली १६ च्या तीन, ६०३.

तर आता फिटरला उत्तर देता येतं. खाली पाच सुताच्या तीन, सलग. वर पाच सुताच्या दोन सलग आणि मधल्या कॉलमवर आणखी दोन एक्स्ट्रा, कॉलमच्या तोंडापासून दोन्हीकडे दीड मीटर. तोंडाशी खालची सळई वरच्या सळईच्या निम्म्याहून कमी नको, हा आयएस १३९२० चा नियमही यात पाळला जातो: ८०४ च्या निम्मे ४०२, आपल्याकडे ६०३ आहेत. भूकंपात मोमेंटची दिशा उलटते, तेव्हा या खालच्या सळ्या कामाला येतात.

मधल्या कॉलमवर दोन्ही दिशांचे बीम एकमेकांना छेदतात आणि वरच्या सळ्या एकाच पातळीत बसत नाहीत. लांब बीमच्या वर, आखूड बीमच्या त्यांच्याखाली, असं ड्रॉइंगवर लिहा. उलट झालं तर काठावर बसवलेल्या आपल्या बीमची डेप्थ १६ मिमीने जाते आणि हिशोब फसतो.

रिंगांचं, म्हणजे मुख्य सळ्यांना वेढणाऱ्या बारीक सळ्यांचं बघू. शिअर ११९ कि.न्यू., म्हणजे ताण ११९००० ÷ (२३० × ४०४) = १.२८. काँक्रीट ०.६० पेलतं, उरलेल्या ६३ कि.न्यू.साठी ८ मिमीची दोन पायांची रिंग २३२ मिमीवर पुरते (रिंगांसाठी एफवाय ४१५ च्या वर धरायचं नाही). पण भूकंपाचा नियम कडक आहे. कॉलमच्या तोंडापासून दोन डेप्थपर्यंत अंतर डेप्थच्या चौथाईपेक्षा, सर्वांत बारीक मुख्य सळईच्या सहापटीपेक्षा आणि १०० मिमीपेक्षा जास्त नको. सहापट म्हणजे ९६. म्हणून पहिल्या ८५० मिमीत रिंगा ९० वर आणि मधल्या भागात २०० वर. पहिली रिंग कॉलमपासून ५० मिमीच्या आत.

कॉलम

मधल्या कॉलमच्या वाट्याला १७.१५ चौ.मी. येतात. पहिल्या मजल्यावर स्लॅबचे ११३.६, बीमचे १५.७ आणि भिंतींचे ७७.१ मिळून २०६ कि.न्यू. गच्चीवर भिंती नाहीत, पण वॉटरप्रूफिंगचा कोबा आहे, त्याचे २.५ आणि लाइव्ह लोड १.५ धरून १३८.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि इथेच भार कमी धरला जातो. दोन स्पॅनच्या सलग बीमचा मधला टेकू निम्मा-निम्मा वाटा घेत नाही, प्रत्येक स्पॅनचा ०.६२५ घेतो. त्यामुळे मधल्या कॉलमला क्षेत्रफळाच्या हिशोबापेक्षा सव्वापट धरावं. २०६ × १.५ × १.२५ = ३८७ आणि १३८ × १.५ × १.२५ = २५९. दोन मजल्यांच्या कॉलमचं स्वतःचं वजन ३५. एकूण ६८० कि.न्यू.

पुढे सगळे जण ०.४ एफसीके × काँक्रीट + ०.६७ एफवाय × सळई हे सूत्र लावतात. ते कधी लावायचं यालाही अट आहे: किमान एक्सेंट्रिसिटी (भार कॉलमच्या मध्यापासून किती सरकलेला धरायचा ते अंतर) बाजूच्या ०.०५ पटीपेक्षा जास्त नसावी. ३५० मिमीच्या बाजूला ०.०५ पट म्हणजे १७.५, आणि किमान एक्सेंट्रिसिटी २० मिमी धरावीच लागते. म्हणजे ४०० मिमीपेक्षा लहान बाजूला हे सूत्र कोडप्रमाणे लागूच पडत नाही! मोमेंट धरून एसपी १६ या डिझाइन पुस्तिकेतले इंटरॅक्शन चार्ट (भार आणि मोमेंट एकत्र तपासायचे आलेख) वापरायचे. आपल्या कॉलमला ६८० × ०.०२ = १३.६ कि.न्यू.मीटर. चार्टवर हा बिंदू इतका आत पडतो की किमान ०.८ टक्के सळई पुरते.

मग ३५० × ३५० मध्ये ०.८ टक्के टाकून मोकळं व्हायचं का? नाही. भूकंपात बीम आधी वाकावा आणि कॉलम उभा राहावा, यासाठी आयएस १३९२० सांगतो की जोडावर मिळणाऱ्या वरच्या-खालच्या कॉलमची मोमेंट घेण्याची क्षमता तिथल्या बीमच्या क्षमतेच्या निदान १.४ पट हवी. आपल्या लांब बीमची क्षमता एका बाजूने ११७ आणि दुसऱ्या बाजूने साधारण १००. बेरीज २१७, १.४ पट ३०४. ३५० × ३५० मध्ये १६ च्या आठ सळ्या टाकल्या तरी एका कॉलमची क्षमता सव्वाशेच्या आत राहते. दोन मिळून कमी पडतात.

म्हणून कॉलम ३५० × ४५० केला, ४५० ची बाजू लांब बीमच्या दिशेने. कोपऱ्यांत २० मिमीच्या चार आणि मध्ये १६ च्या चार, म्हणजे १.३१ टक्के. कॉलमवर भार कमी असताना त्याची क्षमताही उतरते, म्हणून फक्त डेड लोडचा ०.९ पट धरून तपासलं. दोन कॉलम मिळून साधारण ३३० येतं. पुरतं. अक्षीय भाराला या कॉलमची क्षमता २२०० च्या वर आहे आणि भार फक्त ६८० आहे, हे पाहून मालक विचारतात, "एवढा मोठा कशाला?" त्यांना मी सांगतो, की वजनासाठी एवढा लागत नाही, घर आडवं हललं तर लागतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला काय झालं, हे आपल्याकडच्या घराघरात माहीत आहे.

कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी आणि आरपार जाणाऱ्या बीम-सळईच्या २० पट हवी. १६ मिमीच्या सळईला ३२०. म्हणजे गल्लोगल्ली दिसणारे नऊ इंची कॉलम या घरात नियमातच बसत नाहीत. भिंतीतून कॉलम बाहेर दिसतो म्हणून मालक नाराज होतात. कपाट किंवा खिडकीची बैठक तिथे जुळवून घेता येते, पण माप कमी करू नये.

कॉलमच्या रिंगा १० मिमीच्या. बीमच्या वर-खाली ४५० मिमीच्या पट्ट्यात ७५ वर, मधल्या सळ्यांना आडव्या लिंकसह. उरलेल्या उंचीत १५० वर. बीम-कॉलमच्या जोडाच्या आतही रिंगा चुकवायच्या नाहीत. तिथे दाटी होते म्हणून फिटर त्या सोडतो, आणि भूकंपात सर्वाधिक मार त्याच जागेला बसतो. हुक १३५ अंशांचा, शेपूट ६५ मिमीपेक्षा कमी नाही. ९० अंशांचा हुक कव्हर निखळलं की उघडतो. लॅप (दोन सळ्या शेजारी ठेवून केलेला जोड) मजल्याच्या मधल्या निम्म्या उंचीत घ्यायचा, स्लॅबच्या लगेच वर नाही. एम २५ आणि एफई ५०० साठी डेव्हलपमेंट लेंग्थ (काँक्रीटने सळई पक्की धरायला लागणारी लांबी) सळईच्या व्यासाच्या ४८.५ पट: १६ ला ७८० मिमी, २० ला ९७०.

पाया, थोडक्यात

पायाचं क्षेत्रफळ मूळ भारावर काढतात, दीडपट केलेल्यावर नाही. ६८० ÷ १.५ = ४५३; तळमजल्याच्या भिंती आणि प्लिंथ बीमचे ११५; पायाच्या वजनासाठी दहा टक्के. एकूण ६२५ कि.न्यू. चांगल्या मुरमाची धारणक्षमता २०० कि.न्यू. प्रति चौ.मी. आली तर ३.१२ चौ.मी. लागतात, म्हणजे १.८ × १.८ मी. पण ही २०० माती तपासल्याशिवाय धरू नका. काळी माती लागली तर पायाचा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो.

सळई आल्यावर आणि भरण्याआधी

मीटरचं वजन = व्यासाचा वर्ग ÷ १६२. १६ मिमीला १.५८ किलो, १२ मीटरच्या नगाला १९ किलोच्या आसपास. गाडी उतरताना दोन-चार नग काट्यावर ठेवले की सळई हलकी आहे का ते तिथेच कळतं.

स्लॅब तपासताना सळ्यांवर आडवा टेप ठेवा आणि एक मीटरमध्ये गाळे मोजा. २०० च्या अंतराला पाच गाळे, म्हणजे सहा सळ्या. ही चूक नेहमीची: फिटर पाच सळ्या मोजतो आणि अंतर २५० होतं. मग खाली वाकून कव्हर ब्लॉक बघा, आखूड दिशेची सळई खालच्या थरात आहे ना ते बघा, मधल्या कॉलमवर जाऊन एक्स्ट्रा सळ्या मोजा, जोडातल्या रिंगा हाताने चाचपा. बाल्कनीच्या जाळीवर पाय देऊन बघा, दबली तर चेअर वाढवा. हे सगळं आदल्या संध्याकाळी करायचं, कारण सकाळी मिक्सर सुरू झाला की कुणी थांबत नाही.